काट्यांमागचे दिवे

मंगळवार, ९ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मीही बरी आहे, आणि या वेळी हे वाक्य सवयीने लिहिलेलं नाही. जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला. शेजारीण अजून तशीच भांडते.

नोव्हेंबरातलं माझं पत्र तू फाडून टाकलं असशील. नसलंस तर आज फाड. असो, आधी गाडीचं सांगते.

बाबांची गाडी मी विकायला काढली होती. गिऱ्हाईक म्हणालं, आधी वायरिंग तपासून आणा. म्हणून ती फ्यूजमामांकडे नेली. हे म्हणजे बाजारामागच्या गल्लीत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारे म्हातारे. पाना सापडला नाही की स्वतःच्याच खिशावर ओरडतात. भर दुपारी त्यांनी शटर ओढून अंधार केला, गाडीत बसले आणि दिव्यांचं बटण ओढलं.

"बाई, काट्यांमागचे दिवे गेलेत की! वेग किती, पेट्रोल किती, कळतं कसं तुम्हाला?"

मी विचारलं, "तुम्हालाही दिसत नाहीत?"

"मला? अहो, घुबड आणून बसवलं तरी त्याला दिसायचे नाहीत."

चिमे, मी तिथेच एका जुन्या टायरवर बसले आणि रडायला लागले. मामा घाबरलेच. "अहो, तासाभराचं काम आहे, एवढं काय त्यात!"

त्यांना काय ठाऊक? गेल्या जूनपासून संध्याकाळी गाडी चालवताना मला ते काटे पुसट दिसायला लागले होते. पुढे दिसेनासेच झाले. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी संध्याकाळी चाचपडायला लागली, मग कडेचं दिसेना, मग माणसं. मी ठरवूनच टाकलं, आता आपली पाळी. डॉक्टरकडे गेले नाही. जे ऐकायचं नाही ते ऐकायला कोण जातं? उलट घरात डोळे मिटून वावरायची तालीम सुरू केली. हस, हस. पलंगापासून मोरीपर्यंत चौदा पावलं. साखरेच्या डब्याला एक रबर, मिठाच्या डब्याला दोन. एकदा मोजण्यात चुकले आणि खारट चहा मुकाट्याने प्यायले.

हे सगळं मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "रस्ता दिसत होता ना? मग दोष डोळ्यांचा कसा असेल?" भीतीला एवढं गणित कुठे येतं!

त्यांनी बटण काढून दाखवलं. मागे चिनीमातीच्या तुकड्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं. बटण फिरवलं की पितळेची एक जीभ त्या तारेवरून सरकते, तसे दिवे कमी-जास्त होतात. त्या जिभेवर हिरवा थर चढला होता. मामांनी तो पॉलिश पेपरने जपून घासला, तारेवर स्प्रे मारला आणि बटण माझ्याच हातात दिलं. "वीसेकदा फिरवा, इकडून तिकडे. हळू! बटण आहे, कुणाचा कान नाही." मग परत जोडलं. मी फिरवलं तसे आकडे उजळत गेले. वीस, चाळीस, साठ... मी मोठ्याने वाचायला लागले. "पाढे म्हणताय काय?" मामा म्हणाले.

त्यामुळे धीर आला आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थेंब घातले, दाब मोजला, सगळं तपासलं. आईचा काचबिंदू मला नाही. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. पण आईला होता म्हणून दर वर्षी तपासायचं. तूही. गाढवपणा एका घरात एकीने केला तेवढा पुरे.

आता मुद्द्याचं. तू लिहिलं होतंस, निवृत्त झाले, घर खायला उठतं, तुझ्याकडे राहायला येऊ का? मी लिहिलं, "इथे जागा नाही. येऊ नकोस." दोन खोल्या रिकाम्या असताना. तुझ्यावर माझं ओझं नको म्हणून तसं लिहिलं, असं सांगितलं तर तू लगेच माफ करशील. पण ते खरं नाही.

अकरा वर्षं मी आईचं केलं म्हणून सगळे कौतुक करतात, तू सगळ्यांत जास्त. तू लांब नोकरीला होतीस. तुझ्यामागे मी कशी वागत होते ते तू पाहिलं नाहीस. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं, तेव्हा मी म्हणाले, "मुद्दाम करतेस तू." त्यानंतर ती माझ्याकडे पाणी मागेनाशी झाली. मी खोलीत येईपर्यंत तशीच बसून राहायची. मला कळत होतं. तरी काही वेळा मी मुद्दाम उशिरा जायचे.

माझे डोळे गेल्यावर तू माझं मायेनं केलं असतंस, चिमे. तेच मला रोज सोसावं लागलं असतं.

गाडी विकत नाही. पूर्वेच्या खिडकीची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. हे वाचूनही यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मी रागावणार नाही. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच छाती हलकी वाटते आहे.

आईला ठाऊक होती, ती आता तुलाही ठाऊक झालेली,
तुझी ताई