सोळा नंबर, सतरा नंबर

४ जून
नवी नोकरी, नवं घर आणि लिफ्ट चक्क चालू! कमरेचे हाल तरी वाचले. प्रयोगशाळेत मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. मोटर न्यूरॉनच्या आजारात हातापायांतलं बळ हळूहळू जातं. अशा रुग्णांच्या रक्तातले आरएनएचे बारीक तुकडे मोजायचे आणि निरोगी माणसांशी ताडून पाहायचे, हे माझं काम. निरोगी माणसं आणायची कुठून? तर इथला रिवाज असा, की नव्या माणसाने आपलं रक्त द्यायचं, जमलं तर घरच्यांचंही. लेक माझा विसरलेला डबा घेऊन आली होती, तिलाही बसवलं. म्हणाली, नोकरी तुझी नि रक्त माझं, वा गं वा! द्वाड कार्टी. हसता हसता दोन्ही नळ्यांना मीच चिठ्ठ्या चिकटवल्या, सोळा आणि सतरा.

१९ जून
जीव मेटाकुटीला आलाय. दिवसभर थेंब मोजायचे, घरी येऊन भांडी घासायची. आज आकडे आले. सतरा नंबर थेट रुग्णांच्या रांगेत जाऊन बसलाय. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, नवखी माणसं घोळ घालतातच, पुन्हा करा. मीच घोळ घातला असेन. असू दे.

२३ जून
पुन्हा तेच. सोळा स्वच्छ, सतरा तसाच. कुठली नळी कुणाची ते बघायला वही उघडली, पानं दोनदा चाळली. लिहायचंच राहिलंय. मॅडम म्हणतात, एवढ्यावरून आजार ठरत नसतो, दोन्ही नळ्या बाद करा. त्यांचं काय जातंय सांगायला!

२ जुलै
सतरा माझी असू दे. आज बटण लागेना, बोटं थरथरत होती. केवढं बरं वाटलं मला! वेड लागलंय बहुतेक.

५ जुलै
जेवताना लेकीचे हात बघत बसते. ती खेकसली, अशी काय बघतेस म्हणून. काय सांगू तिला? माझंच रक्त पुन्हा काढलंय. उद्या कळेल, आणि मग—

६ जुलै
माझं रक्त स्वच्छ.
मॅडम म्हणाल्या, बघा, उगाच घाबरलात.
म्हणजे सोळा माझी. म्हणजे सतरा—
लेक आतून हाक मारतेय. बरणीचं झाकण फिरत नाहीये म्हणते, सकाळपासून हाताला जोरच—