हव्वा आणि सॉल्वेगचं भांडं

३ फेब्रुवारी, सकाळ
कादंबरी पूर्ण. पानं ३१२. आदाम आणि हव्वा, एदेन बागेपासून थेट म्हातारपणापर्यंत. स्त्रीचं मन इतकं खोलवर कुणी ओळखलेलं नाही.
एप्रिलात आमच्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं होतात. त्या समारंभाच्या संध्याकाळी तासभर गावातल्याच कुणाचं काहीतरी ठेवू, असं पास्टर हॅलवर्सन म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझं वाचन ठरलं. संकल्प : रोज आरशासमोर सराव.

६ फेब्रुवारी
बायकोने, मार्लिसने, सहज विचारलं की तुझी हव्वा काही बोलते का. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हिने सहज काही विचारलेलं नाही. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी गोधड्या शिवणारं बायकांचं मंडळ यामागे असणार. त्यांना माझा तास हवाय.
हस्तलिखित लपवलं. एकच प्रत आहे. जागा इथे लिहिणार नाही.

७ फेब्रुवारी
विसरू नये म्हणून : वरच्या फळीवरचं झाकणाचं मोठं भांडं.

१४ फेब्रुवारी
सराव नाही. घसा.

१६ फेब्रुवारी
भांडं गायब! मार्लिस म्हणाली, तळाच्या चिकटपट्टीवर सॉल्वेगचं नाव होतं, नाताळच्या जेवणापासून आपल्याकडेच राहिलेलं, पोचतं केलं. आत बघितलं नाहीस का, असं विचारलं. म्हणाली, जड लागलं, रिकामं भांडं परत करायचं नसतं, बरंच झालं.
कट आहे. सॉल्वेग मंडळाची अध्यक्ष.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कॉफीच्या निमित्ताने तळघरात गेलो. नऊ बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. शिवणाच्या मशीनखाली माझे कागद स्पष्ट दिसले. जाब विचारणार होतो. सॉल्वेगने लिंबाच्या वड्या पुढे केल्या. तीन खाल्ल्या. संशय कायम आहे.

१२ मार्च
भांडं परत आलं. तळाला नवी पट्टी, तिच्यावर माझं नाव. आत आल्याची बिस्किटं, खाली हस्तलिखित. हव्वेच्या प्रत्येक वाक्याखाली लाल दोऱ्याचा टाका घातलेला. एकूण चार टाके. 'हे घ्या.' 'चूक झाली.' 'भूक लागली का?' 'तुम्ही म्हणाल तसं.'
इतकं बारकाईने वाचलं म्हणजे भारावल्या आहेत, असं मार्लिसला म्हटलं. ती बराच वेळ भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "ऑर्विल, तीनशे बारा पानं ती तुझ्याबरोबर राहिली. तिला काही विचारावंसं तुला एकदाही वाटलं नाही?"
हव्वेबद्दलच बोलत असावी.

३० मार्च
पास्टरांनी माझा तास मंडळाला दिला. नाटक. लिहिलंय मार्लिसने, हव्वाही तीच! पास्टर आतून मिळालेले आहेत, मला आधीच शंका होती. कडक निषेध नोंदवला. मग मोठ्या मनाने भूमिका स्वीकारली. मुख्यच असणार, कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी रंगमंचावर आहे.

१२ एप्रिल
झाड झालो. सफरचंदं गोधडीच्या तुकड्यांची होती. वाक्य एकही नाही.
हव्वा चाळीस मिनिटं बोलली. लोक हसले, मग डोळे पुसू लागले. बरंचसं बोलणं मला आमच्या स्वयंपाकघरातलं वाटलं. हात वर धरून उभा होतो, त्यामुळे मला डोळे पुसता आले नाहीत.
गाडीत मार्लिसला विचारलं, भूक लागली का? हो म्हणाली. आणि म्हणाली की हे तू आज पहिल्यांदा विचारलंस.
खोटं असणार. घरी येऊन जुन्या सगळ्या रोजनिश्या काढल्या, एकेक पान बघितलं.
सापडलं नाही.