डेस्कटॉपवरच्या खोल्या

शनिवार, २ ऑगस्ट
परत तेच. ‘फाइल सापडली नाही.’ रिसेप्शनवरच्या माझ्या दुपारपाळीतल्या सगळ्या खोल्या यादीत बरोबर. किरणच्या सकाळपाळीतली एकही नाही. रोज संध्याकाळी सहाला स्क्रिप्ट, म्हणजे माझा छोटा प्रोग्राम, आपोआप चालते, पाहुण्यांच्या आयडीचे स्कॅन उचलते, खोलीनंबर लावते आणि यादी पोलीस स्टेशनला मेल करते. मीच व्हिडिओ बघून बघून बनवली, आणि लोणावळ्यात आमच्याएवढ्या हॉटेलात कुणाकडे नसेल म्हणून मिरवलेही. आता बसा.
पाथ, म्हणजे फाइल शोधायचा पत्ता, अक्षर न् अक्षर तपासला. सी ड्राइव्ह, युजर्स, वैशाली (म्हणजे मी), डेस्कटॉप, आयडी. कुठे स्पेस नाही, कुठे चूक नाही.

रविवार, ३ ऑगस्ट
तुफान गर्दी, धुकं, ओली छत्री घेऊन थेट काउंटरवर येणारी माणसं. गडबडीतच कि.ला फोन केला.
“टाकलंय की ताई डेस्कटॉपवर. डोळ्यानं बघितलंय.”
मीही डोळ्यांनीच बघत होते. डेस्कटॉप कोरा.
हा सुदुंबऱ्याचा, घरी शेती, बोलणं गोड. पण पहिल्या दिवशी त्याने मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं, तर ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. ते मी विसरलेले नाही. विसरायचं ठरवलं तरी विसरणार नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट
चाचणी म्हणून स्वतःचंच आधार कार्ड स्कॅन केलं. स्क्रिप्टने मुकाट्याने उचललं. म्हणजे स्क्रिप्ट ठणठणीत आहे. खोट माणसात.
पो. स्टे.हून हवालदारांचा फोन. “मॅडम, निम्मं हॉटेल रिकामंच असतं का हो तुमचं? शनिवार-रविवारी पण?” मी हसले. दुसरं काय करणार. यादीखाली सहीला माझंच नाव आहे.
मग दारोदार फिरून पाहुण्यांकडे आयडी पुन्हा मागितले. एक गृहस्थ टॉवेलवरच दारात आले आणि माझ्यावरच खेकसले, सकाळी दिला होता ना!
सकाळी दिला होता. म्हणजे कि. घेतो आणि नंतर गायब करतो. कशासाठी? कुणाला लपवतोय?

शनिवार, ९ ऑगस्ट
दुपारी मध्ये लोकल नसतात, म्हणून सकाळच्याच गाडीने तळेगावहून निघाले. समोरच्या चिक्कीच्या दुकानात उभी राहून बघत होते. दुकानदाराला वाटलं भाव पडतो का बघतेय, त्याने दोनदा चव दिली. मग सरळ आत गेले आणि कि.च्या मागे उभी राहिले.
त्याने कार्ड स्कॅन केलं. फाइल आली, स्क्रीनवर, आयडीच्या फोल्डरमध्ये. खोलीनंबरही नीट घातलेला. पाळी संपल्यावर त्याने त्याचं लॉगिन बंद केलं, मी माझा पासवर्ड टाकला. फोल्डर कोरा! माझ्या डोळ्यांदेखत!
जाता जाता पुसतो, दुसरं काय.
मॅनेजरसाहेबांना सांगितलं. मला वाटलं चौकशी करतील, दोघांना समोरासमोर बसवतील. ते नुसते म्हणाले, “मला वाटलंच होतं.” संध्याकाळपर्यंत कि.ला निरोप गेला, सोमवारपासून येऊ नको.
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

सोमवार, ११ ऑगस्ट
दोन्ही पाळ्या मीच. यादी पूर्ण. बघा म्हटलं, पुरावाच.
दुपारी कि.चा फोन. “ताई, माझं काय चुकलं त्ये तरी सांगा. घरी काय सांगू मी?” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. काउंटरवर गर्दी आहे म्हणून ठेवून दिला. गर्दी नव्हती.
रात्री तळेगावजवळ वराळ्याला घरी आले. आई म्हणाली, “त्यानं पुसलं आसंल तर त्याला कायतरी मिळालं आसंल ना? काय मिळालं?”

बुधवार, १३ ऑगस्ट
स्कॅनरच्या काचेत बाष्प धरलं म्हणून कॉम्प्युटरवाला गिरीश आला होता. सहज म्हणून त्याला विचारलं, पुसलेल्या फाइल परत येतात का. त्याने मुख्य पासवर्ड टाकला आणि युजर्सचं फोल्डर उघडलं. त्यात वैशाली. किरण. मॅनेजर.
“पुसलंय कुठे? ही घ्या.” किरण, डेस्कटॉप, आयडी. सगळे स्कॅन तिथे, नावानिशी, खोलीनंबरानिशी. माझ्यापेक्षा नीट.
साहेबांनी जुलैत प्रत्येकाला वेगळा पासवर्ड करून दिला. मी समजत होते, एकाच खोलीच्या तीन चाव्या. गिरीश म्हणाला, खोल्याच तीन झाल्यात, ज्याचा त्याचा डेस्कटॉप वेगळा. आणि माझ्या पाथमध्ये नाव फक्त माझं.
त्याने डोळ्यानं बघितलं होतं. खरंच बघितलं होतं.
लाज वाटते. त्या आडनावाच्या प्रश्नाला मी मनात किती दिवस पोसलं, आणि कामाला लावलं तेही असं. तो प्रश्न वाईटच होता, तरीही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
गिरीशकडून सगळ्यांची फोल्डरं वाचायची परवानगी करून घेतली. आता स्क्रिप्ट युजर्समधल्या प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर शोधते. मेल बंद ठेवून जुलैपासूनची यादी काढून पाहिली. कि.च्या सगळ्या खोल्या आल्या.
आणि मागच्या बाजूच्या तीन जास्तीच्या.
त्या खोल्या बुकिंगमध्ये ‘दुरुस्ती’ म्हणून बंद आहेत. गळती आहे, असं साहेबांनीच सांगितलेलं. मग तिथे पाहुणे उतरतात ते नोंदीशिवाय. स्कॅन आहेत मॅनेजरच्या डेस्कटॉपवरून, शनिवार-रविवारचे, कालचेही. उद्या काही घडलं तर हातात असावेत म्हणून ठेवत असतील. मालकांना माहीत आहे का? की मालकांचेच पाहुणे? कळायला मार्ग नाही.
‘मला वाटलंच होतं.’ आता ते वाक्य वेगळंच ऐकू येतंय. यादीतल्या भोकांना कारण म्हणून किरण आयताच सापडला त्यांना. आणून दिला मी.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
जोडून सुट्टी, पाय ठेवायला जागा नाही. त्या गडबडीतच साहेबांना गाठलं. चूक माझी होती, किरणला परत घ्या म्हटलं. तीन खोल्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.
“घेऊ की. गर्दी आहे, माणूस लागतोच. फक्त तुझी ती स्क्रिप्ट होती तशी कर. नवीन काही नको.”
नवीन केलीय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.
होती तशी केली तर किरणच्या खोल्या पुन्हा गायब, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच चोर.

शनिवार, १६ ऑगस्ट
काउंटरवरच लिहितेय. मघाशी कि.चा फोन. “सायबांनी सोमवारपासून बोलावलंय. तुमीच सांगितलं ना ताई? लय बरं केलंत. घरी पेढे आणले.” “सोमवारी ये,” म्हणून फोन ठेवला.
स्क्रिप्ट उघडून बसलेय. प्रत्येकाचं फोल्डर शोधायची ओळ काढली, त्या जागी नावं घातली. वैशाली. किरण. दोनच ठेवली तर किरण सुटतो, मी सुटते, कुणाचं काही बिघडत नाही. तिसऱ्या ओळीत मॅनेजर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सहाला ती आपोआप चालेल आणि यादी पो. स्टे.ला जाईल.
साहेब स्वतः दोन कप चहा घेऊन आलेत. या नोकरीत पहिल्यांदाच. समोर खुर्ची ओढून बसलेत. सहा वाजेपर्यंत इथेच थांबतो म्हणाले.