मातीनं बंद केलेली भोकं

शिवा,

दुपारपाळी करून येऊन गाढ झोपलायस, म्हणून उठवत नाही. मी सकाळच्या एस्टीनं गावाला चाललोय. संप मिटला तर येईन. दुसरी किल्ली शेजारच्या मालनवहिनींकडे आहे.

मधमाश्यांना घरटी करायला तू गॅलरीत लावलेली जुन्या पोकळ बॉबिनांची मोळी परत टांगली आहे. रविवारी तिच्यातली मातीनं बंद केलेली भोकं मीच तारेनं उकरली. पानं कापून आणणाऱ्या तुझ्या मधमाश्यांशेजारी गांधीलमाश्या शिरल्यात, त्या त्यांना खाऊन टाकतील, असं मला वाटलं. एका भोकात गांधीलमाशीचं घर होतंच, पण आत तिनं पिल्लासाठी आणलेल्या झाडावरच्या अळ्या होत्या. मधमाश्यांच्या वाट्याला ती गेलीच नव्हती. बाकी सगळ्या मातीआड पिवळे पराग निघाले. काही मधमाश्याही मातीनं दार लावतात, हे तुला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. तू आलास, बघितलंस आणि खाली सांडलेली माती झाडून घेतलीस.

तू मिलमध्ये परत गेलास तेव्हाही मी का म्हणून विचारलं नाही. सगळ्या चाळीसमोर तुला फितूर म्हणालो.

दोन भोकं उकरायची राहिली होती, ती अजून बंद आहेत. आत कोणी का असेना, हात लावू नको.

संप फोडणाऱ्याचा डबा या घरात भरला जाणार नाही, असं मीच म्हणालो होतो. आज भरून ठेवलाय. भात आणि सुकटीची चटणी आहे. झाकण सैल झालंय, पाळीला जाताना सरळ धर.

दादा