आपल्या काउंटीचं पान

प्रिय केंट,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, बाबा अजून आहेत. खिडकीशी बसतात, कुरणापलीकडे बघत राहतात. परवा सूप भरवताना मध्येच म्हणाले, "रोंडा, नोव्हाकचं निळ्या दाराचं घर आठवतं? जुळी झाली म्हणून मागे खोली काढली त्यानं." त्यांच्या बँकेनं दिलेलं प्रत्येक गृहकर्ज त्यांना घर म्हणूनच आठवतं. पक्षाघातानंतर साल कुठलं हे त्यांना विचारायचं नाही; ते त्या घरांमधून हिंडत असतात. खरं सांगू, त्यांच्याबरोबर हिंडताना मलाही परत यावंसं वाटत नाही.

गृहकर्ज देणाऱ्या बँका-कंपन्यांची यंदाची यादी तू माझ्याआधीच पाहिली असशील. देशात रकमेनं पुन्हा तुझी फिनिक्सची कंपनी पहिली, आणि आपली बँक दोन हजाराव्या नंबराच्या आसपास कुठेतरी. पण बाबा ती पानं कधी उघडायचेच नाहीत. थेट आपल्या काउंटीचं, या एवढ्याशा जिल्ह्याचं पान काढायचे. इथल्या शंभर घरांपैकी किती कुणाच्या कर्जावर उभी राहिली, एवढंच त्यांना हवं असायचं. बावीस वर्षं तिथे आपण पहिले. ते पान बँकेत पेपरमिंटच्या बरणीमागे चिकटवलेलं असायचं. सहा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तू त्यावरच घसरलास, "बाबा, जिथे माणसांपेक्षा गायी जास्त, तिथे पहिलं येण्यात कसली फुशारकी?" बाबा एवढंच म्हणाले, "बटाटे घे." तू ताट तसंच टाकून फिनिक्स गाठलंस आणि त्यांनी तुझं नाव घेणंच सोडलं. मला तुम्हा दोघांचाही राग आला होता. अजून आहे.

यंदा त्या पानावरही तूच पहिला आहेस. शंभरातली एकतीस घरं तुमची, अठ्ठावीस आपली. पोरं फोनवरच अर्ज भरतात, त्यांना काय बोलणार? नोव्हाकच्या जुळ्यांतली धाकटीसुद्धा तुमच्याकडेच गेली.

मंगळवारी दुपारी बाबांनी एकदम हात पुढे केला, "पान आलं का गं?" यंदाचं वाचायचा मला धीर झाला नाही. कपाटातलं गेल्या वर्षीचं पान काढलं आणि वाचलं. आपण पहिले. त्यांनी डोळे मिटले, इतके शांत दिसले की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "आणि आपला केंट?" सहा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "दुसरा, बाबा." त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, "त्याला लिही. म्हणावं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नाहीच जमलं तिकडे, तर इथे माझी खुर्ची रिकामीच आहे."

त्यांचा हा निरोप कळवायला लिहितेय. तू यंदा दुसरा आलास, केंट, एवढं नीट लक्षात ठेव आणि घरी ये.

तुझीच,
रोंडा