भिकाबाची बसायची जागा

पौष व. ३, शके १७८५
भिकाबा माळी गेला. सकाळी, ताप डोक्यात चढून. गावात चूल पेटली नाही. अमरावतीला निघालेल्या कापसाच्या गाड्या भरल्या तशाच उभ्या. या तेजीत गाडी अडवणं म्हणजे आमच्या पाटलांचा जीव घेणं. पण खांदा द्यायला पहिले पाटीलच.
माझं त्याच्याशी रोज भांडण व्हायचं. आता कुणाशी भांडू?

पौष व. ८
अमरावतीस, पाटलांच्या कापसाचा हिशेब करायला. गाड्या उशिरा का, म्हणून अडत्या कुरकुरला. म्हटलं, गावचा माणूस गेला. "कोण? पाटील?" नाही, भाजीवाला. तो हसला.
त्याला काय सांगणार. विलायतेपलीकडे कुठे लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला आणि सगळं वऱ्हाड ज्वारी मोडून कापूस पेरायला धावलं, तेव्हा भिकाबा रिकामी टोपली घेऊन दारोदार फिरला. प्रत्येकाने बांधाकडची चार तासं, म्हणजे चार ओळी, ज्वारीची ठेवायची, त्यातली टोपलीभर गावच्या पेवात टाकायची. माझ्या दारी आला तेव्हा मी त्याला बाजाराचे चार शहाणपणाचे बोल ऐकवले. तो म्हणाला, "पंत, कापूस शिजते का चुलीवर?" चिडलो, पण टोपली कबूल केली.
तरी पेवाचं थोडं सांगितलं. "जमिनीत धान्य पुरायचे दिवस गेले, पंत," अडत्या म्हणाला. असतील गेले.

माघ शु. ३
तेरावं आटोपलं. त्याच्या बायकोला, काशीमायला, लेक अकोल्याला घेऊन गेली. जाताना माय कुणाशी बोलली नाही. वाफ्यातली मेथी तशीच उभी आहे, खुडायला कुणी धजत नाही.

फाल्गुन शु. ५
चावडीवर बैठक. भिकाबाची आठवण राहिली पाहिजे. हात सध्या सैल, त्यामुळे बेतही मोठे: कुणी म्हणे दगडी छत्री, कुणी म्हणे देऊळ. शेवटी ओटा ठरला. जागेबद्दल वाद नाही, गावनिंबाखाली. रोज दुपारी तो तिथेच टोपल्या विणत बसायचा. कुणी सरक म्हटलं तर बसल्या जागेवरून शिव्या, पण हलायचा नाही.
नदीवरून दगड आणले. एक मीही उचलला. पाठ धरली.

फाल्गुन व. १०
ओटा सुरेख झाला. चुन्याचा, गुळगुळीत. बायका हळदकुंकू वाहतात. तो असता तर म्हणाला असता, कुंकू ठेवा, दाने आना.
फार आठवण येते.

चैत्र व. ७, शके १७८६
बाजारात ज्वारी नाही. महाग नव्हे, नाहीच. पाटलांचा माणूस चांदूर बाजारापर्यंत जाऊन रिकाम्या गाडीने परतला. पाटील म्हणतात, "बैलायच्या गयात चांदी हाय अन् गव्हानीत कडबा नाई." कापूस वेचणीच्या बायकांची घरं एका वेळच्या भाकरीवर आली.
पेव उघडायचं ठरलं. सगळे उठले, आणि तिथेच थांबले. पेवाचं तोंड कुठे?
पेंढाऱ्यांच्या काळापासूनची आमची रीत. पेव एका घराने सांभाळायचं, तोंड लिंपून जमिनीसारखं सपाट करायचं, जागा बाकीच्यांनी विचारायची नाही. आम्ही टोपल्या भिकाबाच्या अंगणात ओतायचो. पुढचं ती दोघं नवराबायको जाणोत.

चैत्र व. ९
भिकाबाचं अंगण, मळा, देवळामागची गावठाणाची पांढरी, सगळीकडे पहारी ठोकून पाहिल्या. कुठेच पोकळ वाजत नाही. उद्या मी अकोल्याला.

वैशाख शु. १, अकोल्याहून परतीच्या वाटेवर
काशीमाय लेकीच्या परसात वांग्यांना पाणी घालत होती.
"पंत, तुमी? एवढ्या उन्हात कावून आले?"
सांगितलं.
"थे कुठं बसत रोज?"
निंबाखाली.
"मंग? उगाच बसत का? बुडाखालीच तं हाय पेव."
मग ओट्याचं सांगावंच लागलं. आधी तिला हसू फुटलं, मग पदर डोळ्याला गेला. "जित्तेपनी कोनाच्यानं उठले नाई. आता तुमी उठवून पाहा."
परतताना गाडीत मला एकट्यालाच हसू येत होतं, रडूही.

वैशाख शु. ४
गाव ऐकेना. पाटील म्हणतात, "त्याच्या ओट्यावर पहार? पाप लागीन गावाले." वेचणीची एक बाई सगळ्यांदेखत बोलली, "अन् पोरायच्या पोटात काय घालू, पाटील? हळदकुंकू?" कुणी वर पाहिलं नाही. पहारीलाही कुणी हात लावला नाही. मीही नाही.

वैशाख शु. ६
जावयाच्या गाडीतून काशीमाय आली. गाव पहारीला हात लावणार नाही, हे तिने आधीच ताडलं असावं. घरी गेलीच नाही, थेट निंबाखाली. ओट्यावरची फुलं ओंजळीत घेतली, बुंध्याशी ठेवली. पहार मागितली. ओट्याला म्हणाली, "सरका जी जराशे."
पहिला घाव तिचा. चुना उडाला. दुसऱ्या घावाआधी पाटलांनी तिच्या हातून पहार घेतली.

वैशाख शु. ७
तोंडावरची फरशी काल काढली. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी दोरीने दिवा सोडला. विझला. हे काम भिकाबाचं असायचं, काशीमाय सांगते. दिवा जळत राहीपर्यंत तिलाही जवळ फिरकू देत नसे. आज पुन्हा सोडला. जळत राहिला.
ज्वारी वर आली. पिवळसर, जराशी कोंदट वासाची. चांगली आहे. काशीमाय पेवाच्या तोंडाशी बसली. पहिल्या टोपल्या वेचणीच्या बायकांना. आमच्याही घरी आली. हिने भाकरी थापली, मी दोन जास्त खाल्ल्या.

ज्येष्ठ शु. १२
पेव झाडून रिकामं. पाटलांना ओटा परत बांधायचाय, आता पेवाशेजारी, मोठा. काशीमाय म्हणाली, "नोका बांधू. दगडाले टोपली मांगता येते का? कोनी तरी बसा तिथं." आणि अकोल्याला गेली.

ज्येष्ठ व. ४
पेरणी तोंडावर. दारोदार सरकी शेणामातीत घोळून वाळत पडलीय. ज्वारीचं नाव कुणी काढत नाही. भाव अजून चढणार म्हणे. दोन महिन्यांमागची भूक इतक्यात विसरली? विसरली.

ज्येष्ठ व. ५
दुपारी निंबाखाली जाऊन बसलो. एक रिकामी टोपली सोबत. मला विणता येत नाही, नुसतीच ठेवली. अवघडल्यासारखं झालं. येणारेजाणारे पाहत होते.
पाटील बैल घेऊन आले. "पंत, आज इथं? सरका जरा, बैल बांधतो सावलीत."
"नाही सरकत," म्हटलं. "यंदा ज्वारीची तासं किती ठेवता?"
ते टोपलीकडे पाहत राहिले. मग बैल पलीकडच्या बाभळीला बांधले आणि गेले.
उद्या पुन्हा बसतो.