चारशे उजव्या चपला, सगळ्या निळ्या

वालीव, वसई पूर्व
मंगळवार, गाळ्यातूनच

तीर्थस्वरूप मनोरमाआत्या,

धनेशचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली जेवढी अंगं टेकतील तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? अर्नाळ्याचा खारा वारा त्याला मानवत नाही, असं हितेश सांगत होता. वाडीतल्या केळी उभ्या आहेत ना? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

सांगायचं एवढंच, की तुझ्या मुलाने, या हितेशने, मला जगणं नकोसं केलं आहे. आम्ही दोघेही चपला करतो, गाळ्याला गाळा लागून, रबराचं शीटही एकाच ठिकाणचं, वरून पांढरं आणि खालून निळं. पण आठवड्याला माझ्याकडे कातरण निघतं सहा पोती आणि त्याच्याकडे दोन. हे तू मनात ठेवलं असतंस तर चाललं असतं. तू ते सत्यनारायणाला, प्रसाद वाटता वाटता, सगळ्या भावकीला सांगितलंस! तेव्हापासून हंसा रोज संध्याकाळी माझी पोती मोजते. (बायको असून.) त्याच्या गाळ्यात जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर हातोडीच्या जागी हातोडीचं चित्र. माझ्याकडे हातोडी सापडली तर त्या दिवशी काम लवकर आटोपतं. मी जळतो, आत्या, सरळच सांगतो, आणि ही जळजळ पित्ताच्या गोळीने जात नाही.

एकदा न राहवून त्याला विचारलं, की बाबा, करतोस तरी काय? तर म्हणे, आईचे शंकरपाळे आठवले. तू लाटी कापलीस की मधे चिंधीभरही पीठ उरायचं नाही. तसंच त्याने टाचेशेजारी अंगठा लावून डाव्यात उजवा बसवला. आता मीही त्याच स्वयंपाकघरात बसलेला असायचो. पण तो कापणं बघत होता आणि मी खात होतो.

मग मी ठरवलं, याच्यापुढे जायचं. तुळिंजच्या दुकानदाराची चारशे जोडांची ऑर्डर होती, वर पांढऱ्या, शनिवारपर्यंत. (दोन गाळ्यांकडून माल घेणं त्याला परवडत नाही; या वेळी चुकलो तर पुढचं सगळं हितेशकडे, असं त्याने बजावलं होतं.) मी म्हटलं, दोन साचे हवेतच कशाला? साचा बदलण्यात अर्धा दिवस फुकट जातो. डाव्याचाच साचा ठेवायचा, डाव्याला डावा चिकटून छान बसतो. आणि कापलेला डावा पालथा घातला की झाला उजवा! माझी बायजा, बारा वर्षं कापणीला आहे, ती म्हणाली, "शेट, पालथा घातल्यावर निला रंग वर येल ना?" मी म्हटलं, तू काप, डोकं मी चालवतो. आणि डोकं चालवत तासभर हितेशच्या दारात उभा राहिलो, आज माझं कातरण किती कमी निघणार ते त्याला ऐकवत.

कातरण खरंच कमी निघालं. दीड पोतं! फक्त चारशे डाव्या चपला वर पांढऱ्या आणि चारशे उजव्या वर निळ्या. शीट संपलेलं, शनिवार दोन दिवसांवर. बायजा पदर तोंडाशी धरून बाहेर गेली.

हंसाने मला न विचारता हितेशला बोलावलं. तो हसला असता तर मी भांडलो तरी असतो. तो हसला नाही. माझ्या पांढऱ्या डाव्या त्याने उचलल्या, स्वतःच्या शीटातून चारशे पांढऱ्या उजव्या कापल्या, माल माझ्या नावाने पोचवला. उरलेल्या निळ्या उजव्यांसाठी उजव्याच्या साच्याने आणखी चारशे कापून, पालथ्या घालून निळ्या डाव्या केल्या. चारशे जोड, वर निळे, मळखाऊ. दुकानदाराने तेही हसत घेतले आणि कल्पना कोणाची म्हणून विचारलं. तुझा मुलगा म्हणाला, "धनेशची." माझी चूकसुद्धा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त शोभली, आत्या. असा आतेभाऊ वैऱ्यालाही मिळू नये.

असो. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा भाचा,
धनेश

ता. क. तो मधली भिंत काढून दोन्ही गाळे एक करायचं म्हणतो, असं हंसाकडून कळलं. मी आपणहून विचारणार नाही. त्याने मला विचारावं, असं तू त्याला सांग. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारायला विसरू नको म्हणावं.

ता. क. २. पत्र हितेशच्याच हाती पाठवतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. उगाच डिंक कशाला वाया घालवायचा?